निळ्या रेघांवरील वाटसरू

नकाशा हा दिसावयास निर्विकार असला, तरी मोठा पक्षपाती असतो. ज्या रस्त्याला तो जाड रेघ देतो त्या रस्त्याने लोक जातात; ज्याला बारीक रेघ देतो तो हळूहळू विसरला जातो; आणि ज्याला रेघच देत नाही, त्या रस्त्याकाठची माणसे जगाच्या हिशेबी जणू नसतातच. अमेरिकेत एके काळी मोटारचालकांसाठी जे नकाशे छापले जात, त्यांत हमरस्ते तांबड्या रंगात आणि आडवाटा निळ्या रंगात दाखविलेल्या असत. या निळ्या रेघांचा माग काढीत १९७८ सालच्या वसंत ऋतूत एक अडतीस वर्षांचा अध्यापक एकटाच, सावकाश, सबंध देशाला प्रदक्षिणा घालून आला. त्या प्रवासावर त्याने लिहिलेल्या ग्रंथाचे नाव ‘ब्ल्यू हायवेज’, म्हणजे निळे रस्ते, असे आहे. हकीकत एका माणसाच्या भटकंतीची आहे खरी. परंतु तिचा अर्थ नीट ध्यानात यावयाचा, तर त्या निळ्या रस्त्यांवर कोणते दैव ओढवले होते, हे आधी पाहिले पाहिजे.

अमेरिकेतील खेड्याच्या रस्त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी टपालाचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात त्या देशाने आगगाडीवर अपार पैसा खर्च केला. रस्त्यांकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. पावसाळी दिवसांत गाडीवाटा चिखलाने भरून जात आणि शेतकरी आपापल्या मळ्यावर अडकून पडे. अशा स्थितीत जेथे टपालकचेरी तेथे गाव, असे समीकरण होऊन बसले होते. एखाद्या वाण्याच्या दुकानातील कोपऱ्यात चार खणांची पेटी ठेवली आणि वरिष्ठ कचेरीने नाव मंजूर केले, की त्या वस्तीला अस्तित्व प्राप्त होई. १९०१ साली अमेरिकेतील टपालकचेऱ्यांची संख्या ७६,९४५ इतकी होती. त्यापूर्वी आणि त्यानंतर ती कधीही एवढी नव्हती.

पुढे ती का घटली? १८९६ साली सरकारने शेतकऱ्याच्या दारापर्यंत विनामूल्य टपाल पोहोचविण्याचा प्रयोग सुरू केला आणि १९०२ साली तो कायम केला. ही सोय मोठीच होती. पण तिला एक अट होती. जेथवर रस्ता धड नाही तेथवर टपालवाला जाणार नाही. तेव्हा शेतकऱ्यांनीच खड्डे बुजविले, ओढ्यांवर साकव घातले आणि लोकप्रतिनिधींच्या मागे तगादा लावला. १९१६ साली केंद्र सरकारने रस्त्यांना साह्य देणारा पहिला कायदा केला, तोही ‘ग्रामीण टपालरस्ते’ बांधण्याच्या नावाने. मात्र पत्र दारात येऊ लागल्यावर गावातील टपालकचेरीचे काम उरले नाही. हजारो कचेऱ्या बंद पडल्या. ज्या टपालाने गावाला नाव दिले होते, त्याच टपालाच्या सुधारणेने गावाचा आधार काढून घेतला. सुधारणा येते ती एका हाताने देत आणि दुसऱ्या हाताने घेत, हे या इतिहासाचे सूत्र पुढेही वारंवार दृष्टीस पडते.

चांगल्या रस्त्यांची हाकाटी प्रथम केली ती सायकलस्वारांनी. त्यांची संघटना १८८० साली स्थापन झाली होती. मोटारी त्यानंतरच्या. १९०३ साली होरेशिओ नेल्सन जॅक्सन या डॉक्टराने पन्नास डॉलरांच्या पैजेखातर सान फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कपर्यंत मोटार नेली; त्यास ६३ दिवस लागले. १९०९ साली ॲलिस रॅम्झी ही बावीस वर्षांची तरुणी तीन सहचारिणींना घेऊन न्यूयॉर्कहून पश्चिमेकडे निघाली आणि ५९ दिवसांत पॅसिफिकच्या किनाऱ्याला पोहोचली. सुमारे ३,८०० मैलांच्या त्या वाटेत फरसबंदी रस्ता होता तो अवघा १५२ मैल. वाटाड्या पुस्तकात अमुक पिवळ्या घरापाशी डावीकडे वळावे असे लिहिलेले असे. आणि एके ठिकाणी मोटारींचा द्वेष करणाऱ्या घरमालकाने वाटसरूंना चकविण्यासाठी ते घर हिरव्या रंगाने रंगवून टाकले होते, अशी आठवण तिच्या प्रवासाची सांगितली जाते. रस्त्याने येणाऱ्या नव्या जगाविषयीची खेड्याची पहिली प्रतिक्रिया ही अशी होती.

तो द्वेष टिकला नाही, कारण १९०८ साली निघालेली हेन्री फोर्डची ‘मॉडेल टी’ मोटार शेतकऱ्यालाही परवडू लागली. १९१३ साली किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत जाणाऱ्या लिंकन हमरस्त्याची घोषणा झाली आणि १९२६ साली देशातील मुख्य रस्त्यांना क्रमांक देण्यात आले. शिकागोपासून कॅलिफोर्नियापर्यंत जाणारा प्रसिद्ध ६६ क्रमांकाचा रस्ता त्याच वर्षीचा. या क्रमांकित रस्त्यांचा एक विशेष ध्यानात ठेवावयास हवा. ते गावाला टाळून जात नसत. गावाचा जो मुख्य रस्ता, तोच दोन-चार फर्लांग देशाचा हमरस्ता होई. त्यामुळे परगावचा प्रवासी गावातील खाणावळीत जेवे, तेथील पंपावर तेल भरी, न्हाव्याच्या दुकानात दाढी करी आणि गावच्या बातम्या घेऊन पुढे जाई. गाव आणि रस्ता यांचा संसार एकत्र चालला होता.

तो मोडला १९५६ साली. याची पूर्वपीठिका मोठी बोधप्रद आहे. १९१९ साली अमेरिकन लष्कराने वॉशिंग्टनहून सान फ्रान्सिस्कोपर्यंत मोटारींचा एक तांडा नेऊन पाहिला. ३,२५१ मैल जाण्यास ६२ दिवस लागले, म्हणजे दिवसाला सरासरी बावन्न मैल. त्या तांड्यात ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याने जर्मनीतील प्रशस्त महामार्ग पाहिले, आणि तो अध्यक्षपदावर असताना २९ जून १९५६ रोजी ४१,००० मैलांच्या आंतरराज्य महामार्गांचा कायदा संमत झाला. खर्चाचा नव्वद टक्के भार केंद्राने उचलला. हे नवे मार्ग गावात शिरत नव्हते. त्यांना चौक नव्हते, सिग्नल नव्हते, काठावर दुकाने नव्हती. ठरावीक ठिकाणीच वर चढावे व ठरावीक ठिकाणीच खाली उतरावे, असा त्यांचा शिरस्ता होता. वेग वाढला, अपघातांचे प्रमाण घटले, माल स्वस्तात इकडून तिकडे जाऊ लागला. आणि जुन्या रस्त्यावरील खाणावळीत एके दिवशी सकाळी गिऱ्हाईक आले नाही. दुसऱ्या दिवशीही आले नाही.

हा पालट घडत असताना तो टिपण्यासाठी एक मोठा लेखक घराबाहेर पडला होता. जॉन स्टाइनबेक १९६० सालच्या सप्टेंबरात एका मालमोटारीवर खोलीसारखा सांगाडा चढवून, चार्ली नावाचा कुत्रा सोबत घेऊन, सुमारे दहा हजार मैलांच्या फेरीवर निघाला. गाडीचे नाव त्याने डॉन किहोटेच्या घोड्यावरून ‘रोसिनांटे’ असे ठेवले होते. १९६२ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी त्याला नोबेल पारितोषिकही मिळाले. तथापि, अर्धशतकानंतर एका पत्रकाराने त्या वाटेने पुन्हा जाऊन कागदपत्रे ताडून पाहिली, तेव्हा स्टाइनबेक वर्णनात भासतो तितका एकाकी नव्हता आणि त्यातील कित्येक संवाद रचलेले असावेत, असे आक्षेप पुढे आले. २०१२ सालच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेतही, हे पुस्तक शब्दशः खरे मानू नये, अशी सूचना देण्यात आली. ग्रंथाचे वाङ्मयीन मोल यामुळे नाहीसे होत नाही. परंतु एकट्याने प्रवास करणे आणि एकटेपणाचे चित्र रंगविणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून कळते.

विल्यम लीस्ट हीट-मून याच्या वाट्याला आलेला एकटेपणा मात्र रंगविलेला नव्हता. त्याचा जन्म १९३९ साली मिसुरी राज्यातील कॅन्झस सिटी येथे झाला. त्याचे व्यवहारातील नाव विल्यम ट्रॉगडन. घराण्यात इंग्रज-आयरिश रक्ताबरोबर ओसेज या मूळ अमेरिकन जमातीचाही अंश होता. वडिलांनी स्वतःला ‘हीट-मून’, म्हणजे ऐन उन्हाळ्यातील चंद्र, असे नाव घेतले होते. थोरला भाऊ धाकटा हीट-मून झाला आणि हा सर्वांत शेवटचा म्हणून ‘लीस्ट’, म्हणजे सर्वांत लहान. मिसुरीतील कोलंबिया या गावी एका महाविद्यालयात तो इंग्रजी शिकवीत असे. १९७८ सालच्या फेब्रुवारीत विद्यार्थिसंख्या रोडावल्याचे कारण देऊन त्याची नोकरी संपुष्टात आणण्यात आली. पत्नी आणि तो गेले काही महिने विभक्त राहत होते. तो संसारही सांधला जाण्याची चिन्हे दिसेनात. ज्याच्या हातून काम आणि घर ही दोन्ही एकदम सुटतात, त्याने काय करावे? काही माणसे अशा वेळी अंथरूण धरतात. याने रस्ता धरला. आयुष्य सरळ मार्गावर आणता येत नसेल, तर निदान घराबाहेर पडून हिंडता तर येईल, असा त्याचा हिशेब होता.

दिवस आणि रात्र समसमान होतात त्या वसंतसंपाताच्या सुमारास तो निघाला. त्याची गाडी म्हणजे १९७५ सालची एक बंदिस्त फोर्ड व्हॅन. आत झोपण्यास एक फळी, झोपेची पिशवी, लहान स्टोव्ह, पाण्याचे भांडे, हत्यारांची पेटी, दोन कॅमेरे, वह्या आणि रस्त्यांचा नकाशासंग्रह. ग्रंथ दोनच: वॉल्ट व्हिटमनचा कवितासंग्रह आणि ब्लॅक एल्क या लाकोटा साधुपुरुषाचे आत्मकथन. पाकिटात २६ डॉलर आणि तेलासाठी उधारीची चार कार्डे. शिलकीतील उरलेले ४२८ डॉलर त्याने गाडीच्या पुढील फळीखाली दडवून ठेवले होते. मागची दोन्ही टायरे झिजलेली होती आणि पाण्याच्या पंपातून धडधड ऐकू येत होती. अशा गाडीचे नाव त्याने ठेवले ‘घोस्ट डान्सिंग’. या नावामागे मोठी शोकांतिका आहे. १८९० च्या सुमारास पश्चिमेकडील मूळ अमेरिकन जमातींत एक धार्मिक नृत्य पसरले. ते नाचल्याने मेलेले पूर्वज परत येतील, रानगव्यांचे कळप परत येतील आणि गेलेले जग पुन्हा उभे राहील, अशी श्रद्धा होती. त्या वर्षीच्या २९ डिसेंबर रोजी वूंडेड नी येथे सैन्याने शेकडो लाकोटा स्त्री-पुरुष व मुले मारली, तेव्हा त्या आशेचाही अंत झाला. गेलेले परत आणण्याची धडपड बहुधा व्यर्थ असते, हे जाणूनच जणू त्याने हे नाव घेतले होते.

प्रवासाचा नियम साधा होता. शक्यतो आंतरराज्य महामार्गावर जावयाचे नाही, शक्यतो मोठ्या शहरात शिरावयाचे नाही, आणि नकाशावर एखादे चमत्कारिक नाव दिसले तर तिकडे वळावयाचे. केंटकी, टेनेसी अशी राज्ये ओलांडीत तो पूर्वेकडे नॉर्थ कॅरोलिनात गेला. तेथे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मारल्या गेलेल्या आपल्या एका पूर्वजाची कबर त्याने शोधून काढली. तेथून दक्षिणेची किनारपट्टी, जॉर्जिया, अलाबामा, लुइझियानाचा पाणथळ प्रदेश, टेक्सासची पठारे, न्यू मेक्सिको व ॲरिझोना, यूटाचे डोंगर, नेव्हाडाचे वाळवंट. मग पॅसिफिकच्या बाजूने उत्तरेकडे, आणि कॅनडाच्या सरहद्दीलगतच्या ओसाड गवताळ प्रदेशातून पुन्हा पूर्वेकडे. सुमारे तीन महिन्यांत तेरा हजार मैल झाले. एवढ्या अंतरास तांबड्या रस्त्याने तीन आठवडेही लागले नसते. परंतु त्याला कोठेही पोहोचावयाचे नव्हतेच. निघाला तेथेच तो परत येणार होता.

टेनेसी राज्यात ‘नेमलेस’, म्हणजे बिननावाचे, अशा नावाची एक वस्ती आहे. गावकऱ्यांनी टपालकचेरीसाठी अर्ज केला तेव्हा नावाविषयी एकमत होईना, आणि शेवटी, हे गाव बिननावाचेच राहू द्या, असे कोणी वैतागून म्हणाला. तेच नाव पडले, अशी कथा तेथे सांगतात. टेक्सासमध्ये ‘डाइम बॉक्स’ नावाचे गाव आहे. तेथील पूर्वीचे रहिवासी गिरणीपाशी ठेवलेल्या पेटीत दहा सेंटांचे नाणे टाकीत आणि त्या मोबदल्यात त्यांचे टपाल व सामान आणून दिले जाई. त्या नाण्यावरून गावाचे नाव. दोन्ही नावांच्या मुळाशी टपालच आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९७८ साली देशातील टपालकचेऱ्या सुमारे तीस हजारांवर आल्या होत्या. नेमलेसमधील जुने दुकान हीट-मून तेथे गेला तेव्हा बंद झालेले होते. पण दुकानदाराच्या कुटुंबाने कुलूप काढून त्याला आतील फळ्या दाखविल्या, घरी नेऊन जेवू घातले आणि गावची वहिवाट सांगितली. मोटारीतून उतरून दार ठोठावणाऱ्या परक्या माणसाला पाटावर बसविणारे घर तेथे अद्याप शिल्लक होते.

खाण्याच्या जागा पारखण्याची त्याची एक युक्ती पुढे फार प्रसिद्ध झाली. खाणावळीच्या भिंतीवर जितकी दिनदर्शिकांची संख्या अधिक, तितके जेवण उत्तम! एकही दिनदर्शिका नसेल, तर ते अन्न महामार्गावरील कोणत्याही मुक्कामावर मिळते तसलेच. पाच असतील, तर मात्र अन्नपूर्णाच प्रसन्न झाली म्हणावयाचे. वरवर हा विनोद दिसतो; पण त्याला अर्थशास्त्र आहे. या दिनदर्शिका गावातील धान्यव्यापारी, विमा-एजंट, औषधविक्रेते असे लोक आपल्या परिचिताला वर्षारंभी भेट देतात. जेथे त्या पाच लटकल्या आहेत, तेथे गावातील पाच व्यवसायी माणसे नित्य जेवावयास येत असली पाहिजेत. आणि रोज ज्याचे तोंड पाहावयाचे आहे, त्याला शिळे वाढण्याची छाती कोणत्या खाणावळवाल्यास होईल? महामार्गावरील गिऱ्हाईक पुन्हा कधी येणार नसते. पाकशास्त्रापेक्षा हा शेजारधर्माचाच प्रश्न अधिक होता.

परंतु आडवाटेवरील सारेच रमणीय होते, असे समजणे म्हणजे स्वतःची फसवणूक करून घेणे होय. अलाबामातील सेल्मा या गावी हीट-मून थांबला. मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या कृष्णवर्णीयांच्या मिरवणुकीवर ७ मार्च १९६५ रोजी याच गावच्या पुलावर पोलिसांनी लाठ्या चालविल्या होत्या. तेरा वर्षांनंतर काय बदलले, असे त्याने विचारले, तेव्हा गोऱ्यांची उत्तरे एक होती आणि काळ्यांची दुसरी. फारसे काही बदललेले नाही, असेच त्याला कृष्णवर्णीय तरुणांकडून ऐकावे लागले. येथे आणखी एका पुस्तकाचे स्मरण होते. न्यूयॉर्कमधील हार्लेम वस्तीत राहणारा व्हिक्टर ह्यूगो ग्रीन हा टपालवाहक १९३६ सालापासून कृष्णवर्णीय मोटारप्रवाशांसाठी एक मार्गदर्शिका काढीत असे. कोणत्या गावी मुक्काम मिळेल, कोठे जेवण मिळेल, याची ती यादी होती. गोऱ्या प्रवाशाला जी अनोळखी आडवाट मोहक वाटे, तीच काळ्या प्रवाशाला रात्र पडण्यापूर्वी ओलांडावी लागे. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाल्यानंतर दोन-तीन वर्षांत त्या मार्गदर्शिकेचे प्रकाशन थांबले. वाट चुकण्याचे सुख हे ज्याला कोठेही आसरा मिळण्याची खात्री आहे, त्याचेच सुख असते, हे कोणत्याही रस्त्याच्या इतिहासकाराने विसरू नये.

यूटा राज्यातील सीडार ब्रेक्स या उंच घाटात हीट-मून वसंत ऋतूतच हिमवादळात सापडला. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. सारी रात्र त्याला गाडीतच काढावी लागली. सकाळी खाली उतरून तो सीडार सिटी या गावी गेला, तेव्हा त्याची भेट होपी जमातीच्या एका विद्यार्थ्याशी झाली. हा तरुण वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या मार्गावर होता आणि आपल्या जमातीच्या श्रद्धाही सोडावयास तयार नव्हता. त्याने होपींचे चक्रव्यूहासारखे एक चिन्ह समजावून दिले. त्यात वाट वळणे घेत घेत आत जाते. मनुष्य एका जगातून दुसऱ्या जगात येतो. आणि मार्ग चुकणे हाही मार्गाचाच भाग असतो. नोकरी गमावलेल्या, संसार तुटलेल्या माणसाला हे बोलणे केवढे मोलाचे वाटले असेल! आजवर तो आपल्या आयुष्याकडे सरळ रेघेच्या दृष्टीने पाहत होता. सरळ रेघ तुटली, की सर्व संपते. वर्तुळाचे तसे नसते.

एकट्याच्या प्रवासाचे मर्म कदाचित येथेच आहे. दोघे जण एकत्र निघाले, की ते आपसांत बोलतात आणि परगावच्या माणसाला त्यांच्यात शिरावयास जागा उरत नाही. एकटा मनुष्य मात्र दारात उभा राहिला, की घरधनी स्वतः होऊन विचारपूस करतो. न्हावी, कोळी, शेतकरी, मठातील साधू, म्हाताऱ्या शिक्षिका अशा कितीतरी माणसांनी हीट-मूनला आपली कहाणी सांगितली, ती तो एकटा होता म्हणून आणि घाईत नव्हता म्हणून. अर्थात याची किंमतही त्याने मोजली. वाटेतून तो पत्नीला दूरध्वनी करी. मोंटाना आणि नॉर्थ डाकोटाच्या निर्मनुष्य मैदानांतून जाताना उदासीनतेने त्याला घेरले. दुसऱ्याच्या कहाण्या ऐकून आपली कहाणी बदलत नाही, हे त्याला कळून चुकले; पण आपली कहाणी एकटीच नाही, हेही त्याचबरोबर कळले.

पुढे मेन राज्यात तो मासेमारीच्या होडीतून समुद्रावर गेला आणि मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागरातील स्मिथ बेटावर उतरला. या बेटाला पूल नाही. होडीनेच जावे लागते. खेकडे व कालवे यांवर तेथील लोकांची गुजराण. नकाशावरील निळी रेघसुद्धा जेथे पाण्याच्या काठी संपते, तेथेही पिढ्यान् पिढ्या नांदणारा एक समाज त्याला पाहावयास मिळाला. तेथून ओहायो, इंडियाना अशी राज्ये ओलांडून उन्हाळ्याच्या तोंडाशी तो कोलंबियास परत आला. संसार सांधला गेला नाही. नोकरीही परत मिळाली नाही. बाह्यतः पाहता तो रिकाम्या हाताने गेला आणि रिकाम्या हाताने आला. मात्र त्याच्या वह्या भरलेल्या होत्या.

त्या वह्यांवरून ग्रंथ सिद्ध करण्यास सुमारे चार वर्षे लागली. अनेक प्रकाशकांनी हस्तलिखित परतही केले. १९८२ च्या अखेरीस ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि महिनोन् महिने तो अमेरिकेतील सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत राहिला. नेमलेस, डाइम बॉक्स ही नावे शहरातील वाचकांच्या तोंडी झाली. पुढे १९९१ साली याच लेखकाने कॅन्झस राज्यातील एकाच तालुकावजा परगण्यावर ‘प्रेअरीअर्थ’ हा विस्तृत ग्रंथ लिहिला. आधी देशाची प्रदक्षिणा आणि मग एकाच मुलखाचा शोध, असा हा क्रम अर्थपूर्ण आहे.

इकडे तांबड्या रेघांचे काम चालूच होते. १९८४ साली ॲरिझोनातील विल्यम्स या गावाला वळसा घालणारा महामार्ग खुला झाला आणि पुढच्याच वर्षी ६६ क्रमांकाचा रस्ता अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला. १९९२ साली कोलोरॅडोतील ग्लेनवूड दरीतला अवघड टप्पा पुरा झाल्यावर मूळ योजना सिद्धीस गेली असे मानण्यात आले. आज या महामार्गांची लांबी ४८,००० मैलांहून अधिक आहे. गंमत अशी, की ज्या सरकारने हे मार्ग बांधले त्यानेच १९९१ साली निसर्गरम्य आडरस्त्यांच्या जतनाची एक राष्ट्रीय योजना सुरू केली. रस्ता जाईपर्यंत किंमत कळली नाही, असे याला कोणी म्हणेल. परंतु एका ग्रंथाने वाचकांची दृष्टी थोडी वळविली होती, हेही नाकारता येणार नाही. हीट-मूनच्याच मार्गाने पुन्हा हिंडून काढलेला एक छायाचित्रग्रंथ २०१२ साली निघाला. तीन दशकांत काही खाणावळी नाहीशा झाल्या होत्या, काही माणसे निवर्तली होती. काही मात्र होती तेथेच होती.

मग या साऱ्याचा निष्कर्ष कोणता? महामार्ग वाईट आणि आडवाट चांगली, इतका तो सोपा नाही. आजाऱ्याला इस्पितळात नेणाऱ्या गाडीला वेगच हवा असतो, आणि ज्या शेतकऱ्यांनी एके काळी चिखलाच्या रस्त्यांविरुद्ध आवाज उठविला त्यांना चिखलाचे काव्य सांगणे हा अन्याय ठरेल. वेगाने गाव मारले असे म्हणताना, त्याच वेगाने गावच्या मुलांना बाहेरचे जग दिले हेही सांगितले पाहिजे. परंतु रस्ता हा केवळ दोन ठिकाणांमधील अंतर कापण्याचे साधन आहे, असे एकदा मानले, की मधल्या साऱ्या वस्त्या अडथळा ठरतात. आणि माणसाला अडथळा मानण्याची सवय रस्त्यापुरती मर्यादित राहत नाही. हीट-मूनने कोणताही महामार्ग बंद पाडला नाही व तसा त्याचा उद्देशही नव्हता. जी रेघ इतरांनी ओलांडून टाकली होती, तिच्यावर तो थांबला, त्याने नावे विचारली आणि उत्तरे लिहून ठेवली, एवढेच त्याचे कर्तृत्व.

इतिहासलेखकाचे कामही याहून फारसे निराळे नसते. राजधान्या आणि लढाया यांच्या तांबड्या रेघा सर्वांनाच दिसतात. त्यांच्या मधल्या प्रदेशात बंद दुकानाचे कुलूप काढून दाखविणारा एखादा म्हातारा वाट पाहत बसलेला असतो. त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता लांबचा, वळणांचा आणि बहुधा एकट्यानेच जाण्याचा असतो. पण तो अजून नकाशावर आहे.